उघड्या तोंडाचा चार

वीस-बावीस वर्षांपूर्वी एका सकाळी मी अॅसिटोनमध्ये बुडवलेल्या कापसाने एका बाटलीवरचा आकडा पुसला. त्या पुसण्यामुळे मंदा नावाच्या मुलीची नोकरी गेली आणि माझी राहिली. हे आधी सांगून टाकतो, कारण पुढचा सगळा प्रवास त्या आकड्यापायी झाला. नाहीतर चिपळूणजवळच्या रंगद्रव्यांच्या कारखान्यातला माझ्यासारखा माणूस, ज्याला घाट चढला की चक्कर येते, तो थेट मराठवाड्यात कशाला जाईल?

तेव्हा मी प्रयोगशाळेत सीनियर केमिस्ट होतो. मंदा छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठातून एमएस्सी करून आमच्याकडे नवीनच लागली होती. पाचोडकडची, धनगराची मुलगी. मोठ्या भांड्यात रसायन शिजत असताना दर तासाला त्याचा नमुना छोट्या बाटलीत घ्यायचा आणि कितव्या तासाचा तो आकडा बाटलीवर लिहायचा, हे तिचं काम. ती बाकी सगळं इंग्रजीत लिही. आकडा मात्र मराठीत. घाईत हात तोच आकडा काढतो, म्हणे. त्या दिवशी दुपारी मी पाळीवर आलो, आठव्या तासाची बाटली तपासायला उचलली. उचलली ती ४ ची. प्रयोगशाळेत शिरलं की माझे डोळे इंग्रजी होत, आणि मराठी चार मला इंग्रजी आठ दिसला. रसायन अर्धंच झालेलं निघालं, साहजिकच. मी सांगितलं, अजून चार तास चालू द्या. तयार झालेला माल चार तास जादा शिजला आणि त्याचं डांबर झालं.

दुसऱ्या दिवशी साहेब यायच्या आत मी ती बाटली पुन्हा पाहिली. चार स्वच्छ होता. वरचं तोंड चांगलं उघडं. शेजारी खरा ८ उभा होता, तोही स्वच्छ. मी कापूस घेतला.

चौकशीत मी म्हणालो, "ही चार काढते तो वरून मिटलेला असतो. हुबेहूब आठ. बाटली धुऊन गेली, नाहीतर दाखवली असती." साहेब मंदाला म्हणाले, "मेंढरं मोजायला आलीस का इथे?" सगळे हसले. मीही हसलो. मंदा खाली बघत म्हणाली, "मिटला असंल सर, घाईत." त्याच आठवड्यात तिला घरी पाठवलं.

यंदा आमच्या कारखान्याने काही नमुने त्याच विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात तपासायला पाठवले. अहवाल आला. छापील मजकुराच्या कडेला हाताने लिहिलं होतं : नमुना क्रमांक ४ (चार). त्या चाराचे दोन्ही हात इतके वर आणि इतके दूर ताणलेले, की कुणी शरण आल्यासारखा तो कागदावर उभा होता. खाली सही मंदाची. पुढचे नमुने कुरिअरने न पाठवता मी स्वतः घेऊन निघालो.

शहागंज

रेल्वेतून उतरताना मला कळलं की पिशवीतली एक बाटली गळली आहे. झाकण मीच लावलं होतं. पांढरा शर्ट बगलेपासून कमरेपर्यंत पिवळाधमक, हात पिवळा, आणि हे रसायन साबणाला दाद देत नाही. असा विद्यापीठात कसा जाणार? रिक्षावाल्याने न विचारताच शहागंजला नेऊन सोडलं.

शहागंज म्हणजे एकाच वेळी सगळं. घड्याळाच्या मनोऱ्याखाली फळांच्या गाड्या, अत्तराच्या कुप्या, चादरी, चपला. आमच्या चिपळूणच्या बाजारात माणूस वस्तू हातात घेऊन बराच वेळ गप्प उभा राहतो; इथे गप्प कुणीच नाही. कापडाच्या दुकानातल्या पांढऱ्या दाढीच्या मालकांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"क्या मामू, हल्दी लगी क्या? दुल्हन किदर है?"

मी सांगितलं, केमिकल सांडलं.

"तो धोने का नक्को सोचो. ये दाग जाता नै. नवा लेव, पुराना भूल जाव." मग मुलाला ओरडून म्हणाले, "अरे, दूल्हे को बयालीस नंबर दिखाव."

नवा शर्ट चढवून शेजारच्या खानावळीत नान खलिया खाल्ला. नानला हळदीचं पाणी लावतात, त्यामुळे तोही माझ्या हातासारखाच पिवळा. वाढप्याला ते पाहून काय हसू आलं! खलियाच्या रश्शावर तेलाचा लाल तवंग, आणि मटण असं, की हाडाला सोडून आपण होऊन बोटांत यावं. आम्ही कोकणी माणसं नारळाशिवाय रस्सा होतो हे मान्यच करत नाही. त्या दिवशी मी मान्य केलं. पण "पुराना भूल जाव" हे डोक्यातून जाईना.

विभाग

विद्यापीठ डोंगराच्या पायथ्याशी आहे. मागे काळ्या खडकाचे डोंगर, त्यांत कोरलेली लेणी, आणि पावसाळ्याने सगळ्यावर एक पातळ हिरवा हात फिरवलेला. आमच्याकडे आकाश झाडांच्या फटीतून बघायचं असतं. इथे ते आधीच सगळीकडे हजर.

रसायनशास्त्र विभागाची इमारत दगडी, जुनी, बुटकी. बाहेरून काहीच वाटत नाही. आत पाऊल टाकलं आणि मी उभाच राहिलो. लांब बोळ, दोन्ही बाजूंना प्रयोगशाळा, आणि भिंतीवर एमएस्सीच्या प्रत्येक तुकडीचा फोटो. सुरुवातीचे काळे-पांढरे : मोजकी मुलं, सगळ्यांच्या अंगावर उसने वाटावेत असे कोट. मग हळूहळू रंग येतो, मुलं वाढतात, मुली येतात, आणि शेवटच्या फोटोंत मुलगे शोधावे लागतात. मी मंदाची तुकडी शोधली. दुसऱ्या रांगेत कडेला ती उभी होती, मान ताठ. आमच्याकडे असताना ती मान मी तशी पाहिली होती, फक्त सुरुवातीचे काही महिने.

बोळात प्रत्येक शाखेचा वास वेगळा. सेंद्रिय रसायनाकडे गोडसर आणि जड, असेंद्रियकडे आंबट, भौतिककडे नुसता गरम तारांचा. दारापाशी दोन मुली वाद घालत होत्या. एक फळ्यावर रेणू काढून दुसरीला सांगत होती, "अगं, ह्या बाजूनं त्याला येताच येत नाय. हा मोठा गट दारात म्हैस आडवी बसल्यागत बसलाय ना." मी तीस वर्षं हा विषय इंग्रजीत समजून घेतोय असा माझा समज होता. त्या म्हशीने मला तो खरा समजला.

मंदा एका मोठ्या यंत्राच्या खोलीबाहेर भेटली. केस पांढरे झालेले, चष्मा, पांढरा कोट. मी नाव सांगायच्या आतच तिने ओळखलं.

"सर! तुम्ही स्वतः आलात? कुरिअर बंद पडलं का कोकणातलं?" मग माझा हात बघून, "आणि हे काय, नमुना अंगावरच आणलाय का?"

तिच्यासोबत एक संशोधक विद्यार्थिनी होती, आफरीन. मंदा तिला म्हणाली, "हे आमचे सर. नोकरीतलं पहिलं काम मी ह्यांच्याकडं शिकले. लई कडक होते, पण हात धरून शिकवायचे."

हे ऐकून मी काय करायला हवं होतं ते मला माहीत होतं. मी म्हणालो, "उगाच हं."

मग तिने मला विभाग दाखवला. बेंच सागवानी, वर ॲसिडच्या डागांची पिढ्यान्‌पिढ्यांची नक्षी. ग्रंथालयात बांधीव नियतकालिकांची रांग, पुठ्ठे हाताने शिवलेले. एका कपाटात इथल्या सुरुवातीच्या शिक्षकांनी डबे, तारा आणि सायकलच्या नळ्या जोडून बनवलेली उपकरणं. खाली वेटोळ्या अक्षरात "चालू आहे" लिहिलेलं. "खरंच चालू आहे," मंदा म्हणाली. ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या निळ्या खड्यांची बरणी पाहून मला हेवा वाटला. आमच्या दमट हवेत ते खडे दुपारपर्यंत गुलाबी होऊन मान टाकतात. इथे पावसाळ्यातही निळेच.

आणि मग ते यंत्र, रेणूची आतली रचना दाखवणारं. माणसाहून उंच एक पांढरी टाकी तीन पायांवर उभी. आत चुंबक, द्रवरूप हेलियममध्ये बुडवलेलं, त्याभोवती द्रवरूप नायट्रोजनचा वेढा. दाराबाहेर घड्याळ, किल्ल्या, कार्ड काढून ठेवायचं. "बसवल्यापासून हे एकदाही निजलेलं नाय," मंदा म्हणाली. "वीज गेली तरी चुंबक जागं. फक्त त्याला थंड ठेवायचं. दर आठवड्याला मी त्याला पाजते." आमचा नमुना काडीएवढ्या काचनळीत घालून तिने वर ठेवला, तो हवेच्या उशीवर अलगद आत उतरला. पडद्यावर आलेखाची शिखरं उमटली. रेणूतला प्रत्येक हायड्रोजन आपापल्या जागेवरून आपलं नाव सांगत होता. आमच्या कारखान्यात वर्षानुवर्षं पिंपांनी बनणारी ती पिवळी पूड मी पहिल्यांदाच अशी आतून पाहिली. तिथे काही पुसता येत नाही, असंही मनात आलं.

जेवायला मंदाने डबा उघडला. ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, शेंगदाण्याची चटणी. सकाळी मुकुंदवाडीहून बसमध्ये उभ्याने येते, तरी दोन माणसांचा डबा आणते. कुणीतरी उपाशी असतंच म्हणे. तिने भाकरी मोडून अर्धी माझ्यापुढे ठेवली. सांगायचं ते ओठांवर आलं होतं. भाकरीबरोबर ते खाली गेलं.

काचेची खोली

दुपारी तिला तास होता. तिने मला कचरूमामांकडे सोपवलं. विभागाची काचेची भांडी हेच फुंकतात, जोडतात. वय झालंय, निवृत्त झाले, पण मुलं त्यांना सोडत नाहीत. ज्योतीत त्यांनी एक नळी फिरवली. ती लाल, मग नारिंगी, मग मधासारखी झाली. मामांनी गाल फुगवले आणि नळीच्या पोटात एक गोल फुगा आला, माझ्या डोळ्यांदेखत, जन्मल्यासारखा.

"घाई केली की काच रुसती," मामा म्हणाले. "वरून धड दिसती. आत ताण राहतो. चार म्हैन्यांनी, कुणी हात बी लावला नसताना, तडकन जाती."

"मग ताण काढतात कसा?"

"पुन्हा तापवायची. हळूहळू निववायची. दुसरा उपाव नाय."

ते कुठले म्हणून विचारलं. हसले. "हितलेच. ही इमारत बांधली तवा माझा बाप दगड वाहायला होता. त्याला आत यायचं काम नव्हतं. मग म्या आत आलो, काच फुंकाया. आता नात आलीया, पीएच्डी करती. माझीच भांडी फोडती." शेवटचं वाक्य त्यांनी असं म्हटलं, जसं कुणी नातीला पदक मिळालं म्हणून सांगतं. मी खोलीच्या दगडी भिंतीकडे पाहिलं. एका घराने तीन पिढ्यांत दगडापासून रेणूपर्यंत मजल मारली होती, आणि या सगळ्याला मामा "हितलेच" म्हणत होते.

परत येताना आफरीनच्या टेबलावरच्या बाटल्यांवर माझी नजर गेली. प्रत्येक चिठ्ठीवर आकड्यापुढे अक्षरी : चार, आठ, अकरा. शेजारच्या टेबलावर तसंच. आफरीनने फ्रीज उघडून दाखवला, त्यातही तसंच. सगळ्या विभागात.

"मॅडमचा रूल आहे सर," आफरीन म्हणाली. "अक्षरी नाही लिहिलं तर सॅम्पल हातात नै घेत."

"का?"

"तुम्हाला नै माहीत? तुमच्याच कंपनीतली स्टोरी आहे ना ती." तिला आश्चर्य वाटलं. "नव्या बॅचला पहिल्या प्रॅक्टिकलला मॅडम सांगतात. फळ्यावर चार काढतात आणि म्हणतात, मी हा असा मिटवून काढला, कुणीतरी आठ वाचला, सगळा माल वाया गेला. चूक माझी होती. म्हणून तुम्ही अक्षरी लिहायचं. मॅडमएवढा मोठा माणूस आपली चूक अशी सांगतो म्हणून आम्ही सगळे ऐकतो."

मी फ्रीजचं दार लावलं. इतकी वर्षं मला वाटत होतं, ती माझ्यावर रागावलेली असेल. ती माझ्यावर रागावलीच नव्हती. ती स्वतःला दुरुस्त करत बसली होती.

पांढरी वाफ

संध्याकाळी चारच्या सुमाराला मंदा यंत्राला नायट्रोजन पाजायला निघाली. मी सोबत गेलो. जाड हातमोजे, डोळ्यांवर ढाल. नळी जोडली, झडप उघडली, आणि टाकीच्या तोंडातून पांढरी वाफ जमिनीवर ओतू लागली. आमचे पाय दिसेनासे झाले. हे भरताना मध्ये सोडून जाता येत नाही. मी म्हणूनच ती वेळ निवडली असावी. पळून जाऊ नये म्हणून मला तेवढा अडसर हवा होता.

मी सगळं सांगितलं. बाटली, कापूस, चौकशी, हसणं. कारणं सांगितली नाहीत. होती, पण त्यांतलं एकही कापूस हातात घेण्याइतकं मोठं नव्हतं.

ती काटा बघत उभी होती. टाकी भरली. तिने झडप बंद केली, हातमोजे काढले, वहीत वेळ लिहिली. वेळेतला चार लिहिताना तिचा हात थांबला.

"वरचं तोंड उघडं होतं?"

"होतं."

"नक्की?"

"पुसायच्या आधी नीट पाहिलं होतं. उघडं होतं."

ती स्टुलावर बसली. बोलली तेव्हा बोली पाचोडची झाली होती.

"मला चार बापानं शिकवला. मेंढरं बसली की काठीनं मातीत काढायचा. त्याला दहापत्तुरच येत हुते. नोकरी गेली तवा घरी जाऊन म्या त्याला म्हणले, तुमचा चारच चुकीचा. तुमच्यामुळं गेली. त्यानंतर त्यानं मातीत काठी कधी टेकवली नाय, लिहायला." तिने चष्मा पुसला. "तो गेला आता. त्याला कुठं सांगू?"

मी म्हणालो, "मंदा, मला..."

"नका." तिने हात वर केला. "मला एकटीला सांगून मोकळं होऊ नका सर. तवा सगळ्यांसमोर बोललात. उद्या नव्या बॅचचं पहिलं प्रॅक्टिकल हाये. दरवर्षी म्या सांगते. उद्या तुम्ही सांगा."

"उद्या सकाळी माझी गाडी आहे."

"व्हय का," ती म्हणाली. एवढंच.

पहिलं प्रॅक्टिकल

गाडी माझ्याविना गेली.

सकाळी सागवानी बेंचांच्या प्रयोगशाळेत नवी मुलं उभी होती. कोटांच्या घड्या अजून मोडलेल्या नव्हत्या. कुणी पैठणचं, कुणी कन्नडचं, कुणाच्या पायात अजून गावचा चिखल. ती छताकडे, नळांकडे, बाटल्यांकडे बघत होती, मी आदल्या दिवशी बघत होतो तशीच. दारात कचरूमामा येऊन उभे राहिले. ऐकायला की एखादं भांडं फुटायची वाट बघायला, कोण जाणे. आफरीन मागे होती. मंदाने माझी ओळख करून दिली, "हे माझे पहिले सर," आणि खडू माझ्या हातात ठेवला.

मी फळ्यावर ४ काढला. वरचं तोंड उघडं ठेवलं. शेजारी इंग्रजी 8 काढला. मग ती गोष्ट सांगितली, मंदाच्या अक्षरी लिहिण्याच्या नियमासकट, जशी इथे वर लिहिली आहे तशीच, फक्त इथल्यापेक्षा कमी शब्दांत, कारण समोर माणसं असली की शब्द जास्त जड होतात. आफरीनने पेन खाली ठेवल्याचं मला ऐकू आलं. माझ्या हाताचा पिवळा रंग अजून गेलेला नव्हता, आणि खडूची पांढरी पूड त्यावर बसत होती.

पहिल्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला. तिने मला नाही, मंदाला विचारलं.

"मॅडम, मग तुमचा चार बरोबरच होता, तर आता अक्षरी लिहायचं बंद का?"

"लिहायचं," मंदा म्हणाली. "आपण कसंबी लिहिलं तरी वाचणारा कोण असंल, सांगता येत नाय."

मुलं हसली. या वेळी मी हसलो नाही. मी खडू ठेवला, फळ्याकडे पाठ केली आणि तिच्याकडे तोंड करून उभा राहिलो.

"मंदा मॅडम," मी म्हणालो, "तुमचा चार बरोबर होता. तुमच्या वडिलांनी शिकवलेला चारही बरोबर होता. तो मी वाचायला चुकलो आणि मग पुसला. मला माफ करा."